तेराव्या तारेची घोडी

उराबेबाईंचा कार्यक्रम असला की कादोता सेइगो सकाळपासून अन्नाला शिवत नसे. फुकुयामातल्या वाद्यवाल्यांच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचा म्हातारा सुतार हटकून टोमणा मारायचा, "वाजवणार बाई आणि उपास तुझा! लग्न तरी करायचंस मग त्यांच्याशी." सेइगो हसून सोडून द्यायचा. सुताराचं काय जातंय बोलायला? त्यानं तासलेलं लाकूड काही ऐन मंचावर दगा देत नाही. देतात त्या तारा, आणि तारा ओढायचा सेइगो.

पंधराव्या वर्षी तो या कामाला लागला. कोतो म्हणजे माणसाहून लांब, आडवं ठेवून वाजवायचं जपानी तंतुवाद्य; त्याच्यावर तेरा तारा ओढायच्या. तार दांडक्याला गुंडाळायची, पाय रोवायचा, अख्खं अंग मागे टाकायचं, नखानं टिचकी मारून कान द्यायचा, आणि अजून तसूभर ओढून गाठ मारायची. ते शेवटचं तसूभर फार महत्त्वाचं. तिथे हात कमी पडला तर तार ढिली राहते, तिला उचलून धरणारी तिची सरकती घोडी लाकडावर घट्ट बसत नाही, आणि जोरात वाजवताना कधी आडवी होईल सांगता येत नाही. उराबे शिझुनोबाई गावातल्या नावाजलेल्या कोतोवादक, वाजवता वाजवता गायच्याही. एकेचाळीस वर्षं त्यांनी आपल्या तारांना सेइगोशिवाय कुणाचा हात लागू दिला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी सेइगोचा उजवा खांदा गेला. ते शेवटचं तसूभर त्याला जमेनासं झालं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मुलगी चिनामी दुकान सांभाळायची, तिच्या डोळ्यांतून काय सुटणार? "बाबा, मी ओढते," ती म्हणाली.

"गप्प बस. हे बायकांचं काम नव्हे."

"वाजवायला बाई चालते, ओढायला तेवढी चालत नाही! वा रे वा!"

पण नशीब असं की नेमक्या त्याच हिवाळ्यात बाईंनी आपली पट्टी उतरवली. "वय झालं, कादोतासान. गळा वर चढत नाही आता." खालच्या पट्टीला तार कमी ताणाची असली तरी भागतं. सेइगोला बाईंच्या गळ्याचं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरला. बाईंचा गळा गेला म्हणून आपल्याला हायसं वाटावं, याची त्याला मनातून फार लाज वाटायची. तरी वाटायचं ते वाटायचंच.

बाईंच्या वादनाला साठ वर्षं झाली तो कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी होता. सभागृह गच्च भरलं होतं. सेइगो नेहमीसारखा मागून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. तेवढ्यात आत फुलं देऊन आलेली चिनामी शेजारी टेकली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"बाईंच्या साथीचे बासरीवाले काल तापानं पडलेत. त्यांच्या बदली जे आलेत त्यांची बासरी दोन बोटं आखूड आहे."

आखूड बासरी म्हणजे वरची पट्टी. बांबू काही कुणासाठी खाली उतरत नाही, कोतोलाच चढावं लागतं. आणि सेइगोनं परवा तारा ओढल्या होत्या त्या खालच्या पट्टीच्या भरवशावर.

"बाबा, परवा तारा कशा ओढल्यात?"

त्याचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. तिला कळलं. "मग आत जा आणि सांगा! बाई हलक्या हातानं वाजवायचं काहीतरी घेतील. अजून दहा मिनिटं आहेत."

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तीन वर्षं मी तुम्हाला फसवतोय, बाई? सेइगो उठला. दोन पावलं गेला. मंचाकडचं दार समोर होतं, हात लांब केला असता तर लागला असता. तेवढ्यात घंटा झाली, दिवे मंदावले, आणि तो परत येऊन बसला. सरळ सांगायचं तर घाबरला. आयुष्यात इतका भ्याडपणा त्यानं कधी केला नव्हता.

पडदा सरकला. त्याची नजर थेट घोड्यांवर गेली. पट्टी चढवायला बाईंनी त्या सगळ्या आपल्याकडे ओढून घेतल्या होत्या. सगळ्यात टोकाला, लाकडाच्या अगदी कडेवर, तेराव्या तारेची घोडी. पडणार असेल तर हीच पडेल.

बाईंनी पहिला सूर छेडला. सभागृहात कुणी खोकेना. सेइगो संगीत ऐकतच नव्हता. तो एकेक तार मोजत होता. पाचवी, आठवी, बारावी, तेरावी. बाईंच्या बोटात चढवलेली नखी तेरावीवर पडली की त्याचे डोळे मिटायचे, आणि घोडी उभी आहे हे बघायला पुन्हा उघडायचे. पाठीवरून घामाची धार लागली. शेजारी चिनामीनं त्याची बाही गच्च धरली होती.

मग बाई गायला लागल्या.

वरच्या पट्टीत. स्वच्छ, मोकळ्या गळ्यानं, कुठे ओढाताण नाही, कुठे कंप नाही. सेइगो क्षणभर घाबरायचंच विसरला. गळा चढत नाही म्हणणारी बाई ती हीच का? मग ही तीन वर्षं...

खट्!

घोडी पडली. तेरावी तार लाकडावर लोळली. सेइगोला वाटलं, आपलंच हाड मोडलं. पण बाईंचं गाणं तुटलं नाही. उजवा हात वाजवत राहिला, डाव्यानं त्यांनी घोडी उचलली, तारेखाली उभी केली, सूर बघितला, आणि नेमक्या मात्रेवर तेरावी पुन्हा बोलली. लोकांना वाटलं, वाजवायची रीतच ही. शेवटापर्यंत सेइगोनं श्वास घेतला की नाही, त्याचं त्यालाच आठवत नाही.

टाळ्या थांबल्यावर चिनामीनं त्याला जवळजवळ ढकलतच आत नेलं. बाई नख्या काढत बसल्या होत्या. सेइगोनं वाकून जमिनीला डोकं टेकवलं.

"बाई, ती तेरावी..."

"माझी बाही लागली. या म्हातारपणात बाह्या आवरत नाहीत बघा."

बाही त्या तारेच्या आसपासही नव्हती. सेइगोनं मान वर केली. "बाई, तुमचा गळा तर चांगला आहे."

"आज सर्दी नव्हती."

"तीन वर्षं सर्दी?"

बाईंनी हातातली नखी डबीत ठेवली. डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "त्या हिवाळ्यात माझ्याच घरी तारा ओढताना खांद्यात कळ येऊन तुम्ही डोळे मिटलेत. त्याआधी कधी मिटले नव्हते. मी चहा घेऊन दारात उभी होते."

"मग मला सांगायचं ना! मला हाकलायचं! इतकी वर्षं खाली कशाला गायलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे बंद झाला असता. मला भीती वाटली हो." बाईंनी नजर वळवली. "माझे तर ओळखीचे सगळे गेले एकेक करून."

बाहेर कुणीतरी खुर्च्या आवरत होतं. सेइगोनं डोळे पुसले, आणि दारात उभ्या मुलीकडे बघितलं.

"बाई, उद्या चिनामी येईल. तारा ती ओढेल."

चिनामीच्या हातातला त्याचा कोट खाली पडला.

"आणि तुम्ही?" बाईंनी घाईनं विचारलं.

"मीही येणार. गाठी बघायला कुणी नको का? तुम्ही मात्र आजच्या पट्टीत गा. एकदा मला बसून ऐकायचंय, न घाबरता."