भोजराजचे मणी आणि सुशिलाबाईची भाऊबीज

गोंदियाच्या टोकाला, उसन्या म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमागच्या आळीत भोजराजला कोणी भोजराज म्हणत नाही. 'साबुदाणा शेठ' म्हणतात. तीन वर्षांत हा माणूस एका मुक्कामालाही गावाबाहेर गेला नाही. जेलातल्या कैद्यालासुद्धा पॅरोल मिळतो. त्याची बायको धुरपताबाई तर नळावर चारचौघींत सांगते, "लोकायच्या घरी एखादी सवत राह्यते. माह्या नवऱ्यानं लाखभर ठेवल्या, अन् साऱ्या टाकीत!"

टाकीत काय आहे, हे आळीला आता पाठ आहे. मिलमध्ये धान भिजवलं, उकडलं की मागं उरतं ते काळपट, आंबूस, विषारी पाणी. त्यातलं विष खाणारे जंतू असतात, पण मोकळे सोडले तर पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून नागपूरच्या हेमेंद्र साहेबांनी त्यांना समुद्री शेवाळाच्या पुडीत कालवून त्यांचे इवले इवले मणी करून दिले. हुबेहूब भिजवलेला साबुदाणा. जंतू मण्यात कोंडलेले, पाणी मण्यातून झिरपतं, जंतू विष खातात. जायला वाट नाही म्हणून राहतात. त्यांची हवा, त्यांचं पाणी भोजराज बघतो. तो चुकला तर घाण नाल्यातून थेट तलावात जाईल, आणि तलावात आळीतल्या यादोरावचा शिंगाडा ऐन तोडीला आलेला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी केशोरीहून बहीण सुशिलाबाईचा फोन आला.

"दादा, तीन सालं झाली, भाऊबीजेले चंद्राले ओवाळून राहिली मी. भाऊ जिता असून! अवंदा नाई आला त समजीन, चंद्रच माहा भाऊ हाय. मंग तू फोनबी नोको करू."

सुशिलाबाई बोलली की करते. एकदा जाऊबाईशी अबोला धरला तो अकरा वर्षं. भोजराजला घाम फुटला. त्यानं बॉयलरवरच्या घनश्यामचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

"दोन दिवस पाह्य गा. हवा बंद नाई होऊ द्यायची, बस."

"पाह्यतो ना," घनश्याम म्हणाला. "पण तुह्या लेकरायनं रडणं लावलं त दूध कोन पाजीन?"

थट्टाच ती. पण भोजराजच्या डोक्यात ती रुतली. आपण नसताना मणी उपाशी राहिले तर? जातीचा कोहळी तो. पूर्वजांनी तलाव बांधले, यानं निम्मं आयुष्य धानाच्या बांधीत काढलं. रोप पिवळं पडलं की डीएपी खत फेकायचं, चार दिवसांत हिरवंगार, हे त्याच्या हाताला ठाऊक. साहेबांना विचारावं हे मात्र हाताला ठाऊक नव्हतं. भाऊबीजेच्या आदल्या दुपारी घरच्या पोत्यातल्या खताच्या चार ओंजळी त्यानं टाकीत सोडल्या. "खा लेकहो, दोन दिवसाचं खाऊन घ्या."

भाऊबीजेला सकाळी नवा सदरा, थैलीत बहिणीची साडी, अशा थाटात स्वारी स्टेशनाला निघाली. अर्जुनीपर्यंत गाडी, पुढं केशोरीला जीप, दुपारचं जेवण बहिणीकडं. जाता जाता टाकीत डोकावली. साबुदाण्याची पेज झाली होती. मणी बोटाला लागताच चिकट होऊन विरत होते.

त्यानं हेमेंद्र साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "भोजराजभाऊ, मणी कॅल्शियमनं बांधलेला असतो. तुमच्या खतातल्या फॉस्फेटनं ते कॅल्शियमच ओढून घेतलं. भिंत गेली, जंतू गेले."

"मंग आता जी?"

"फ्रिजमध्ये जंतूंची बाटली आहे, पूड आहे. सुयांच्या डब्यातून नवे मणी पाडा. हात थांबवू नका, पूड आळून सुया बुजतात."

भोजराजनं आधी नाल्याची झडप बंद केली. काळं पाणी आता हौदात साचणार, हौद उद्या दुपारपर्यंत भरणार. नवं धान आलेलं, मालक मिल थांबवेल हे स्वप्नातही शक्य नाही. घनश्यामला सुयांचं काम येत नाही. स्टेशनाकडून गाडीची शिटी ऐकू आली. भोजराजनं नवा सदरा काढून खुंटीला टांगला.

वीस सुया लावलेला डबा. त्यातून थेंब खाली कॅल्शियमच्या पाण्यात पडतो अन् पडताच मणी होतो. टप, टप, टप. एका हातानं डबा हलवायचा, दुसऱ्यानं जंतू-पुडीचा घोल ओतायचा. घनश्याम दारात उभा राहून बघत होता.

"वा रे बहाद्दर! तूच कोंडवाडा बांध, अन् तूच अंदर बस."

भोजराजनं डबा हलवत ठेवला. दुपारी धुरपताबाईनं आणलेली भाकर तिनंच तोडून त्याच्या तोंडात घातली. त्या दिवशी सवतींचा विषय काढायचं तिलाही सुचलं नाही.

दिवस मावळला तसा फोन वाजला. धुरपताबाईनं तो त्याच्या कानाला धरला.

"कुठं हाय दादा?" सुशिलाबाईनं विचारलं.

"मिलमंधी." पुढं खताची सगळी कहाणी त्यानं सांगून टाकली. टप, टप, टप.

पलीकडं निरांजनाच्या ताटातली वाटी किणकिणली.

"बीजेची कोर हाय, घडीभरात बुडते," ती म्हणाली. "बाहेर येऊन पाह्यतं तरी का? तू तिकडून पाह्य, मी इकडून ओवाळते."

शेडचं दार दहा पावलांवर होतं. भोजराजनं दाराकडं पाहिलं, मग सुयांकडं.

"तू ओवाळ वं बाई," तो म्हणाला. "माहा हात गुतला हाय."

फोन तिकडून बंद झाला.