भुलाबाईपुढे एकटी पोट्टी

बडनेऱ्यात आमच्या शेजारणीकडे दरवर्षी भुलाबाई बसते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलोजी-भुलाबाईपुढे गल्लीतल्या पोरींनी गाणी म्हणायची आणि मग घरच्या बाईने झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची, असा हा आमच्या वऱ्हाडातला खेळ. माझी लेक लहान होती तेव्हा अंगणात एवढी दाटी व्हायची, की शेजारीण ओरडायची, "पोट्ट्याहो, माया तुळशीवर तरी बसू नका!"

यंदा कोजागिरीला लेक आणि सात वर्षांची नात पुण्याहून आल्या. सकाळीच शेजारीण दारात उभी. "बाई, नातीले घेऊन येजा. गल्लीत आता दुसरी पोट्टीच नाई उरली."

खोटं काय त्यात? आमच्या गल्लीत आता म्हातारी माणसं आहेत आणि कुलपं आहेत. मुलं पुण्या-बंगळुरात, त्यांना एखादं लेकरू, नाहीतर तेही नाही. जो गावात राहिला, त्याची तऱ्हा वेगळी. शेजारणीचा मुलगा चाळिशीला टेकलाय. घरची काळी जमीन, कामाला वाघ, सुपारीचंही व्यसन नाही. अकोल्याच्या जुन्या शहरापर्यंत जाऊन किती घरचे पोहे खाल्ले त्याने. होकार काही आला नाही. मुलीच्या बापाला शेती पाहिजे, पण जावई शेतकरी नको. मला त्या बापांचा धड रागही येत नाही. मी तरी माझी लेक दिली असती का? आणि मुली आहेत तरी किती? आमच्याच पिढीतल्या लोकांनी पोटातल्या मुली नको म्हटल्या, आता सुना कुठून आणणार?

संध्याकाळी आम्ही सात-आठ बायका गुडघे धरत अंगणात बसलो, मध्ये एकटी नात. गाणी आम्हीच म्हटली. मध्येच दम लागायचा. मग शेजारणीने दाराआडून डबा वाजवला. खोबऱ्याच्या वड्यांचा वास आम्हा सगळ्यांना केव्हाच आला होता, पण नातीने ओळखावं म्हणून आम्ही मुद्दाम गप्प बसलो.

"लाडू? चिवडा? करंजी?"

"नाई, नाई!"

नात रडकुंडीला आली. "आजी, मी एकटीनेच का ओळखायचं? मला मुलींशी खेळायचं होतं."

शेजारणीने डबा उघडला. गल्लीभर पोरींना पुरतील एवढ्या वड्या होत्या. नातीने एक खाल्ली.

मग शेजारीण माझ्या लेकीकडे वळली. "काहून वं, हिले एखादा भाऊ-बहीण काहून नाई आनत?"

लेक चिडली नाही. "काकू, सकाळी आठला आम्ही दोघंही घराबाहेर पडतो. हिलाच कसंबसं सांभाळतो. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्यात मी एकटीच बसले होते. वाटलं, पाठीला एखादं भावंड असतं तर. हिच्यावरही तीच वेळ येणार, कळतं मला. पण नाही हो जमत."

मला फार वाईट वाटलं. तिचा हात धरावा असं वाटलं, पण धरला नाही.

एवढ्यात चंद्र वर आला. कोजागिरीला आमच्याकडे आई आपल्या पहिल्या लेकराला ओवाळते. लेकीने नातीला ओवाळलं. बाजूच्या पाटावर शेजारणीचा मुलगा नवा सदरा घालून बसला. कानशिलावरचे केस पिकलेले, मान खाली. या घरात सुनेने आपल्या लेकराला ओवाळावं आणि आपण नुसतं बघत बसावं, एवढीच त्या माउलीची हाव. तिने कुंकू लावलं, तबक उचललं आणि मध्येच थांबली.

"या सालीबी तूच रे बाप्पा."

तो कसनुसं हसला. "असू दे ना माय. दूध थंड होऊन राह्यलं."

तिने ओवाळलं आणि तबक घेऊन आत गेली. आमचं दूध पिऊन झालं, तरी ती बाहेर आली नाही.