सहाशे ओळींतली एक

जेनिफर न्याकेचो यांचा डोळ्यांवर विश्वास नाही. युगांडातल्या टोरोरोजवळच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातली यंत्रं ज्या फायलींवर चालतात, त्या सांभाळणं हे त्यांचं काम. दोन फायलींत फरक काय, हे त्या वाचून ठरवत नाहीत; संगणकाच्या काळ्या पडद्यावर ‘डिफ’ ही आज्ञा देतात. वेगळ्या असलेल्या तेवढ्याच ओळी समोर येतात. बाईंनी लग्नाआधी नवऱ्यालाही डिफ लावला असणार, असं केंद्रात म्हणतात.

मंगळवारी सकाळी तपासणीच्या नळीतलं पाणी गडद गुलाबी झालं. क्लोरीन नेहमीच्या साडेतीन पटीहून जास्त. पंप थांबवले. रुग्णालयाच्या टाकीत जेमतेम दोन तासांचं पाणी होतं.

“जुनी फाइल टाका की परत,” पाळीप्रमुख ओवोरी म्हणाले.

“जुन्या फायलीला नवा पंप ठाऊक नाही, दादा. कोरडा फिरून जळेल.”

त्यांनी मागच्या आठवड्यातली प्रत आणि आजची फाइल डिफला दिली. पडदा धावत सुटला. सहाशेच्या सहाशे ओळी वेगळ्या!

“सकाळी सकाळी वारागी ढोसली का तुमच्या डिफनं?”

फोन वाजला. रुग्णालयाच्या मेट्रन होत्या. “तासाभरात पाणी नाही आलं तर ऑपरेशन थांबवते. बाई टेबलावर घ्यायची आहे, बाळ आडवं आहे.”

न्याकेचो पहिल्या ओळीकडे बघत राहिल्या. जुनी आणि नवी, अक्षर न् अक्षर तेच.

“ही फाइल कुणी उघडली होती?”

“मीच. ऑफिसातल्या विंडोजवर. नुसती बघितली.”

“आणि सेव्ह केलीत?”

“ते विचारतं ना, सेव्ह करू का म्हणून. हो म्हटलं.”

विंडोजवर सेव्ह केलं की प्रत्येक ओळीच्या टोकाला एक जादा खूण बसते. माणसाला ती दिसत नाही, डिफला दिसते. त्या खुणेकडे दुर्लक्ष कर, असं सांगून न्याकेचोंनी आज्ञा पुन्हा दिली.

तीन ओळी उरल्या. दोन नव्या पंपाच्या. तिसरी प्रवाहाच्या मापाची: आधी सेकंदाला लिटर होतं, आता तासाला घनमीटर. आकडा त्यामुळे फुगला होता, आणि क्लोरीन त्या आकड्याच्या प्रमाणात सुटत होता.

“हेही नुसतं बघितलंत?”

ओवोरींनी मान खाली घातली. “मुख्यालयाला अहवाल त्या मापात हवा होता. वाटलं, ते फक्त दाखवायचं माप आहे.”

न्याकेचोंनी ती ओळ पहिल्यासारखी केली. ओवोरींचा हात बटणाकडे गेला.

“थांबा.”

“मेट्रन थांबणारेत का?”

“थांबा म्हटलं ना.”

पुन्हा डिफ. दोनच ओळी, दोन्ही पंपाच्या.

“करा सुरू.”

मुख्य नळातलं जुनं पाणी आधी नाल्यात सोडलं, मग नव्याची नळी भरली. रंग चढला तो फिकट गुलाबी. ओवोरींनी नळी खिडकीच्या उजेडात धरली, मग न्याकेचोंनी घेऊन स्वतः पाहिली आणि फोन उचलला.

“मेट्रन, पाणी निघालंय. बाईला टेबलावर घ्या.”