पालोमाचं टक्कल

इलारियोनदादा तार्की यांच्या निळ्या टॅक्सीचं नाव पालोमा, म्हणजे पारवी. पारवी उडते, ही आमच्या एल आल्तो शहराचा चढ चढताना खोकायची. पण दादांनी तिच्याविषयी कधी वावगा शब्द ऐकून घेतला नाही. मुलगी नेलिदा पाच वर्षांची असताना मागच्या सीटवर झोपली होती, तेव्हा त्यांनी शब्द दिला होता: "पोरी, लग्नाला चर्चमध्ये जाशील ती हिच्यातूनच."

तो दिवस या शनिवारी उजाडणार होता आणि पालोमाचं बॉनेट बघवत नव्हतं. दोष बरकतीचा. कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे बरकत यावी म्हणून गाडीवर बिअर ओततात, फुलं आणि रंगीत कागद उधळतात. ते सगळेच करतात. दादा पुढे आठवडाभर गाडी धुवायचेही नाहीत. बरकत वाहून जाईल म्हणून. मग आठव्या दिवशी ती वाळलेली, धुळीत कडक झालेली बरकत कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायची. असे एकोणीस कार्निव्हल. बॉनेटवर मांजरांनी कुस्त्या खेळाव्यात तसे ओरखडे होते.

बुधवारी दादा आणि मी, त्यांचा शेजारी, कोपऱ्यावरच्या एदमुंदोकडे गेलो. तो गाड्यांना पॉलिश करतो. त्यानं बॉनेटवर नख फिरवलं.

"मालक, वरवरचं आहे. सकाळी सोडा, दुपारी आरसा घेऊन जा."

"आणि तू काय करणार?"

"घासणार."

"घासायला मला हात नाहीत?"

"हात आहेत हो. कुठे थांबायचं ते हाताला कळायला हवं."

झालं! दादांचा पारा चढला. परतताना मला म्हणाले, "नेलिदाला लहानपणी परक्या हातानं आंघोळ घातली नाही. ही तिची धाकटी बहीण."

गुरुवारी अंगणात टूथपेस्टची नळी रिकामी झाली. ओरखडे होते तिथेच. गाडीच्या तोंडाला मात्र पुदिन्याचा वास. मग आला बारीक सँडपेपर. ओरखडे गेले खरे, पण सगळं बॉनेट धुरकटलं. "आता नुसती चमक काढायची राहिली," दादा म्हणाले आणि ड्रिल मशीनला लोकरीचा गोळा बांधला. मशीन माझं होतं. हौसेनं मीच नेऊन दिलं होतं.

मधोमध सुरेख चमक उठली. "बघ! बघ!" करत दादांनी गोळा तिथेच दाबून धरला. निळा रंग फिका झाला, मग पांढुरका. मी ओरडेपर्यंत ताटाएवढं पत्र्याचं टक्कल उघडं पडलं होतं.

एदमुंदोनं शुक्रवारी पाहिलं. हसला नाही, तेव्हाच मी समजलो.

"मालक, परवा घासायला काहीतरी होतं. आता रंगच द्यावा लागेल. चार दिवस."

"लग्न उद्या आहे रे."

"माहीत आहे. मला पण आमंत्रण आहे."

नेलिदा संध्याकाळी पांढरी फीत घेऊन आली. आडवी लावली, उभी लावली. टक्कल फितीपेक्षा मोठं होतं.

"फुलं ठेवू," दादा म्हणाले. "मोठा गुच्छ."

"उडून जातील, बाबा."

"मी हळू चालवीन."

तिनं फीत गुंडाळून हातात घेतली. "रिगोबेर्तोकाका त्यांची जीप देतायत. नवऱ्याकडचे सगळे असणार... फोटो निघतील, बाबा."

"हो, हो. जीप उंच असते. झग्याचा घोळ चुरगळत नाही," दादा म्हणाले. मुलीला धीर द्यायची त्यांना जुनी सवय.

शनिवारी पांढरी जीप पुढे. तिच्यामागे तीन गाड्या, मग आम्ही. मागची सीट दादांनी पहाटे उठून झाडली होती. तिच्यावर कोणी नव्हतं. वरातीत सगळ्यांनी हॉर्न वाजवायचा असतो. दादांनीही वाजवला, अगदी वेळेवर.

चर्चपाशी कोणीतरी रीतीप्रमाणे सगळ्या गाड्यांवर बिअर शिंपडली. आमच्या बॉनेटवरही सांडली, नेमकी त्या टकलावर. मी रुमाल काढला.

"राहू दे," दादा म्हणाले.

पुढे ना त्यांनी पालोमा धुतली, ना एदमुंदोकडे नेली. एदमुंदोनं दोनदा फुकट रंगवून देतो म्हणून निरोप धाडला. नेलिदा आता नवऱ्याबरोबर दूर सांताक्रूझ शहरात असते. टकलावर आता तांबूस गंज धरलाय आणि तो कडेकडेनं निळ्या रंगाखाली शिरतोय.