तीन वाजून दहा मिनिटांची सुकती

तीन वाजून दहा मिनिटं झाली आणि समुद्र जागचा हलला नाही.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मोबाइल पाहिला. मग मागे वाळूवर तुवाले अंथरून बसलेल्या सोळा माणसांकडे पाहिलं. सगळी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली, सगळी साठीच्या पुढची, आणि सगळी माझ्याकडेच बघत होती.

"टीचर, उदक थंयच आसा," कुणीतरी म्हणालं.

उदक म्हणजे पाणी, थंयच म्हणजे तिथेच, एवढं तुम्हांला आईने शिकवलं असेल. विहान आणि इरा, आजीने परदेशात नेऊन सोळा माणसांना दोन तास समुद्राकडे बघत बसवलं, असं तुमच्या बाबांनी तुम्हांला हसत हसत सांगितलं आहे. ते खरं आहे. पण बाबा नेहमी अर्धीच गोष्ट सांगतो. म्हणून पूर्ण लिहून पाठवते, क्रमाने.

मी अठ्ठावीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्लिश शिकवलं, हे तुम्हांला माहीत आहे. रिटायर झाल्यावर माझाच एक विद्यार्थी, अवधूत, घरी आला. डिचोलीत त्याची ट्रॅव्हल एजन्सी आहे. "टीचर, मला टूर मॅनेजर पाहिजे. तुमच्यासारखी शिस्त कुणाकडे नाही," म्हणाला. शाळेत असताना त्याला माझ्या शिस्तीबद्दल एवढं प्रेम नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

गाइड आणि टूर मॅनेजर यांत फरक असतो. गाइड माहिती सांगतो. टूर मॅनेजर माणसं मोजतो. बसमध्ये मोजायची, हॉटेलात मोजायची, बाथरूमपाशी मोजायची. मी रोज सकाळी बसमध्ये हजेरी घेते आणि सत्तरीची माणसं "प्रेझेंट टीचर" म्हणतात. त्यांना ते आवडतं. मलाही.

गेल्या वर्षी गणपतीची चवथ आटोपल्यावर आम्ही मिनोर्काला गेलो. भूमध्य समुद्रातलं हे स्पेनचं लहानसं बेट. टूरचं नाव होतं 'भूमध्य समुद्रातले सात सुंदर किनारे'. गोव्याच्या माणसाने किनारे बघायला विमानाने जायचं, हे ऐकून बाजारात लोक हसले. अवधूत म्हणाला, "टीचर, सीझनमध्ये आपण दुकानात असतो, गाडीवर असतो, खोल्या भाड्याने देत असतो. पाण्यात फक्त पाहुणे असतात. आपल्या लोकांना किनारा बघायचा तर गोव्याबाहेरच जायला पाहिजे." मी बॅग भरली.

पहिले सहा किनारे व्यवस्थित झाले. डायरीत सहा किनाऱ्यांपुढे टिक झाली. दोन उंच कड्यांच्या बगलेत शिरलेलं पाणी, तळाची वाळू दिसेल इतकं स्वच्छ, कडेला पाइनची झाडं. प्रत्येक ठिकाणी आमची मंडळी पाच मिनिटं बघत राहायची आणि मग कुणीतरी म्हणायचं, "आमचें मोरजें कितें वायट आसा?" म्हणजे आपलं मोरजी काय वाईट आहे? मग चर्चा सुरू. बहुतेक वेळा ती शांतारामबाब सुरू करायचे. शांतारामबाब मोरजीचे, वय चौऱ्याहत्तर. सगळी हयात त्यांनी रापण ओढली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. जगातल्या कुठल्याही समुद्राबद्दल आपल्याला बोलायचा अधिकार आहे, असं त्यांचं मत.

आणि कुसुमवयनी. या गोष्टीतलं मुख्य माणूस तेच.

कुसुमवयनी कारापूरच्या. शेती, दोन म्हशी, अडुसष्ट वर्षं. समुद्र त्यांच्या घरापासून तासाभरावर, पण लहानपणानंतर त्यांनी कधी पाण्यात पाय घातला नव्हता. पहिल्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला कारण सांगितलं. लहानपणी त्या मावशीकडे मोरजीला गेल्या होत्या. गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली, त्या पडल्या, पाणी आत ओढायला लागलं. मामाने वेणीला धरून बाहेर काढलं. "दर्या येता तेन्ना भंय ना, टीचर," त्या म्हणाल्या. "परत वता तेन्ना भंय." समुद्र येतो तेव्हा भीती नाही, परत जातो तेव्हा आहे.

निघताना सुनेने त्यांना दम दिला होता. "आई, कोरड्या परत आलात तर दार उघडणार नाही." सून गमतीने म्हणाली, पण वयनींनी ते मनावर घेतलं होतं. तरी सहाही किनाऱ्यांवर त्या वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळत राहिल्या. मी विचारलं की म्हणायच्या, "आज न्हय. सातव्यार देंवतां." सातव्या किनाऱ्यावर उतरते. रोज सातवा. शाळेत अशी मुलं मी पुष्कळ पाहिली. पण सातवा शेवटचा, त्यामुळे मलाही वाटत होतं की आता होईल.

शेवटच्या दिवशी सकाळी आठ वाजता बोटवाल्याचा फोन आला. उत्तरेचा वारा सुटला आहे, बंदरातून बोट बाहेर पडणार नाही. सातव्या किनाऱ्याला मोटारीचा रस्ता नाही. बोटच.

मी अवधूतला फोन लावला.

"टीचर, ब्रोशरवर सात छापलंय," तो म्हणाला.

"वारा ब्रोशर वाचत नाही, अवधूत."

"हे लोक परत येऊन डिचोलीच्या बाजारात सांगणार, अवधूतने सहाच दाखवले. पुढच्या टूरला कोण येणार? काहीतरी करा ना. तुम्ही टीचर आहात."

टीचर असल्याने वारा कसा थांबतो, हे त्याने सांगितलं नाही. पण नकाशा काढून बघितला तेव्हा लक्षात आलं की सहावा किनारा आणि सातवा यांच्यामध्ये फक्त एक कडा आहे. म्हणजे सहाव्यावर पुन्हा जायचं आणि कडा ओलांडायचा. ती बाजू दक्षिणेची, वाऱ्याच्या आडोशाची. बस ठरलेली होतीच. अट एकच, ड्रायव्हर बरोबर पाच वाजता निघणार. तिथल्या बसमध्ये एक यंत्र असतं, ते ड्रायव्हरचे कामाचे तास मोजतं. तास संपले की तो बस चालवत नाही, समोर राष्ट्रपती उभे असले तरी.

बारा वाजता पोचलो. कड्यावरची वाट बघितली. सुट्या दगडांची, उभी चढण. माझ्या सोळांपैकी नऊ जणांच्या गुडघ्यांची कागदपत्रं माझ्या फाइलमध्ये होती. ती वाट बाद. कड्याच्या पायथ्याला पाणी होतं, आणि ते बघताच माझ्याआधी शांतारामबाबच बोलले.

"हें सोंपें. सुकतेक खडकांवयल्यान वचप."

सुकती म्हणजे ओहोटी. आपल्याकडे केरीला, हरमलला सगळे हेच करतात. पाणी उतरेपर्यंत थांबायचं आणि खडकांना वळसा घालून कोरड्या पायांनी पलीकडे जायचं. मी मोबाइलवर भरती-ओहोटीचा तक्ता काढला. ओहोटी, तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे जायला-यायला भरपूर वेळ. शांतारामबाबांनी बोटांवर तिथी मोजली. "पुनव आज. पुनवेक उदक खूब उतरतलें. वचून, न्हावन, परत येवंया." जाऊन, आंघोळ करून परत येऊ.

मी डायरीत लिहिलं: ३.१० ला प्रयाण. सगळ्यांना जेवायला बसवलं.

एक वाजला. दोन वाजले. शांतारामबाबांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली होती. दर पाच मिनिटांनी ते उठून जायचे, काठी बघायचे आणि परत येऊन बसायचे. अडीचनंतर दर दोन मिनिटांनी. तीन दहाला काठी जिथे होती तिथेच होती, आणि पाणीही. सव्वातीनला तिथल्या छोट्या कियोस्कची मालकीण हात पुसत माझ्याकडे आली. बाईंचं इंग्लिश चांगलं होतं.

"तुम्ही लोक कुणाची वाट बघताय?"

"ओहोटीची."

तिने माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं. "इथे? अहो, इथे सकाळी पाणी जिथे असतं, तिथेच रात्री असतं." तिने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "वीतभर. तेही कधीतरी."

मी तक्ता पुन्हा उघडला. तक्त्यात दोन रकाने असतात. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात पाण्याची उंची. आमच्याकडे आजपर्यंत कुणी कुणाला दुसरा रकाना विचारला नाही. 'सुकती कितल्याक?' एवढंच विचारतात, म्हणजे किती वाजता. किती उतरणार हे विचारायची गरजच नाही, ते उतरतंच. मी दुसरा रकाना वाचला: सेंटिमीटरांतला आकडा, वीतभरही नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ चारी बाजूंनी बंद, तोंड चिंचोळं, त्यामुळे भरती-ओहोटी नावापुरती. हे मी कॉलेजात असताना वाचलंसुद्धा होतं. परीक्षेला आलं नाही म्हणून विसरले.

मी उठून सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. मग सगळेच हसले. शांतारामबाब सोडून.

ते उठले, काठी उपटली आणि पाण्यात फेकून दिली. "उतरना? पुनवेक उतरना?" पुनवेला उतरत नाही म्हणजे काय, असा रागाने त्यांचा आवाज चढला होता. "मागीर हो दर्या न्हय. हें तळें!"

"कितें म्हणलें?" कुसुमवयनी चपलांच्या ढिगामागून म्हणाल्या.

"तळें म्हणलें. कारापुरा तुमच्या म्हशी बसतात तसलें."

"परत वचना?" परत जात नाही?

"खंय वतलें? वचपाक जागोच ना ताका." जाणार कुठे? जायला जागाच नाही त्याला.

कुसुमवयनी उभ्या राहिल्या. सगळ्यांचे मोबाइल तुवाल्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिले. मग लावणीला शेतात उतरताना खोचतात तसं लुगडं गुडघ्यांच्या वर खोचलं.

"तळ्याक कित्याक भियेवप?" त्या म्हणाल्या. तळ्याला कशाला भ्यायचं. "चला. पांच वाजतां गाडी वता न्हय?"

आता मला कामाला लागावं लागलं. टूर मॅनेजरकडे एक छत्री असते, गर्दीत दिसावी म्हणून उंच धरायची. माझी जांभळी आहे. ती टेकवत मी आधी एकटी कड्याच्या पायथ्याने टोकापर्यंत जाऊन आले. सगळ्यात खोल जागी पाणी छत्रीच्या मुठीच्या खाली राहिलं, म्हणजे माझ्या कमरेला. लाट नाही. तळाला दगड आणि काळे काटेरी गोळे. कियोस्कवाली ओरडून पायांकडे बोट दाखवत होती, "सापातोस! सापातोस!" आपल्याकडे चपला-बुटांना सापात म्हणतात, त्यामुळे भाषांतर करावं लागलं नाही. बायकांनी लगेच चपला चढवल्या. गुडघे फारच वाईट असलेल्या तिघांना सामानापाशी बसवलं. उरले तेरा.

ओळ लावली मी, पण पुढे चालल्या कुसुमवयनी. साठ वर्षं चिखलात चाललेलं माणूस ते. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, आधी टाच, मग बोटं. "हळू! मुळां चिड्डूं नकात!" त्या ओरडल्या. मुळं तुडवू नका, जसं काही खाली भाताची रोपं होती. मागे एकमेकांचे हात धरलेली बारा माणसं. शेवटी शांतारामबाब, तोंड फुगवून. त्यांच्या मागे मी, मोजत.

मध्यावर पाणी वयनींच्या कमरेपर्यंत आलं तेव्हा त्या थांबल्या. सगळी ओळ थांबली. मला वाटलं, झालं, आता परत फिरणार.

"वयनी, कितें जालें?" मी विचारलं.

"कांय ना," त्या म्हणाल्या. "पळयतां, ओडटा काय कितें." ओढतंय का ते बघत होत्या. पाणी ओढत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाण्यावर पसरून. मग नाक धरलं आणि सरळ डुबकी मारली. लुगड्यासकट, अंबाड्यासकट. वर आल्या तेव्हा अंबाडा सुटला होता आणि त्या इतक्या जोरात हसत होत्या की कड्यावरचे पक्षी उडाले.

"शांतारामबाब," त्या ओरडल्या, "तुमचें तळें खारें आसा हां!"

त्यावर मात्र शांतारामबाब हसले.

चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही सातव्या किनाऱ्यावर होतो. सातवा किनारा, तुम्हांला खरं सांगायचं तर, वाईट होता. वाळू थोडी, बाकी गोटे. अर्ध्या किनाऱ्यावर वाळलेल्या समुद्री गवताचे तपकिरी ढीग, त्यांना कुजका वास. "गोठ्यापरस कडक," असं वयनींचं मत पडलं, आणि त्यांना म्हशींचा अनुभव आहे. ब्रोशरवरचा फोटो बहुधा दुसऱ्या मोसमातला असावा. दहा मिनिटं थांबलो, एक ग्रुप फोटो काढला, मी डायरीत सातवी टिक केली. परत आलो. पाच वाजायला चार मिनिटं असताना सगळे बसमध्ये होते. सोळाच्या सोळा, तेरा ओले. ड्रायव्हरने सीटवर घालायला प्लास्टिक दिलं. चांगला माणूस.

वयनींचा निथळणारा फोटो मी त्यांच्या सुनेला पाठवला. उत्तर आलं: 'दार उघडं आहे.'

टूर संपल्यावर आम्ही सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतो. त्यात एक प्रश्न असतो, कुठला किनारा सर्वांत जास्त आवडला. कुणी दुसरा लिहिला, कुणी चौथा. शांतारामबाबांनी 'मोरजी' लिहिलं. कुसुमवयनींनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सहाव्या आणि सातव्याच्या मधला'.

अवधूत फॉर्म वाचून धावत आला. "टीचर, हा मधला कुठला? पुढच्या ब्रोशरवर आठ किनारे छापू?"

मी शाळेतल्यासारखा लाल पेन काढला आणि ब्रोशरवरचं सात खोडून सहा केलं.

आता परदेशात समुद्राकाठी जायचं असेल तर मी तक्त्याचे दोन्ही रकाने वाचते. तुम्हीही वाचा. वेळ कुणीही सांगतं. किती, ते आपल्यालाच बघावं लागतं.