वंदनाची सोळा पानं

फीडरने नववं पान ओढलं आणि मशीनमधून कापड फाटल्यासारखा आवाज आला. मी स्टॉप दाबलं. तोवर मागची दोन पानंही आत गेली होती.

वाशीमच्या एका झेरॉक्सच्या दुकानात मी बारा वर्षं ऑपरेटर आहे. फीडर म्हणजे मशीनवरचा ट्रे. गठ्ठा ठेवला की रोलर एकेक पान आपोआप ओढतात. ती सोय सपाट, साध्या कागदासाठी. नाजूक कागद झाकण उघडून काचेवरच ठेवायचा. हे मला माहीत होतं.

पानं वंदनाची होती. ती मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. आम्ही चौघी रविवारी बंद दुकानात बसून झीन करायचो. झीन म्हणजे हाताने केलेलं छोटं पुस्तक. स्वतः लिहायचं, चित्रं काढायची, झेरॉक्स मारून टाचायचं आणि लोकांत वाटायचं. वंदनाला त्यात मीच ओढलं होतं. तोडीच्या मुक्कामावर किराण्याच्या खाकी कागदावर तिने बॉलपेनने सोळा चित्रं काढली होती. प्रत्येकाच्या कडेला रंगीत दोऱ्याचे टाके. रविवारी अकोल्याहून अशीच झीन करणारी मंडळी येणार होती. वंदनाचं हे पहिलंच पुस्तक.

शुक्रवारी मी एकेक पान काचेवर ठेवायला घेतलं. अ‍ॅडमिशनचे दिवस, काउंटरवर गर्दी. आमचे मालक सुरेशभाऊ म्हणाले,

“कायले काचेवर ठेवून राह्यली? फीडरमधी टाक न.”

“भाऊ, त्याले दोरे हायेत. अटकतीन.”

“लाइन पाय किती हाये. लोकं दुसऱ्या दुकानात चालले.”

मी फीडरमध्ये टाकलं. आठ पानं नीट गेली, म्हणून मी नजर काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. नवव्याचा दोरा रोलरमध्ये गुंतला. तीन पानांच्या पट्ट्या बाहेर आल्या.

“रोलर धड हाये ना?” सुरेशभाऊंनी विचारलं. रोलर धड होता.

शनिवारी वंदना आली. पट्ट्या मी टेपने जोडून ठेवल्या होत्या. तिने दोन पानं बाजूला सारली आणि तिसऱ्यावर हात ठेवला. त्यातला चेहरा कुठेच जुळत नव्हता.

“हे माही माय होती. खोपीत झोपलेली.”

तिची आई उन्हाळ्यात वारली होती.

“परत काढता येईन का?” मी विचारलं.

“कोनाले पाहून काढू?”

“घरी फोटो असंन.”

“आधार कार्डावर हाये. त्यात माय वाटतच नाई ते.”

मी माफी मागितली. “तुमी थोडीच मुद्दाम केलं, ताई,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उरलेल्या तेरा पानांचं पुस्तक करू, असं मी सुचवलं. “मायशिवाय कायचं पुस्तक?” म्हणत तिने सगळी पानं पिशवीत भरली.

रविवारी ती आली नाही. दिवाळीनंतर तोडीला गेली, तेव्हा मी स्टँडवर तिला कोरी वही दिली. उन्हाळ्यात परतल्यावर विचारलं, काही काढलं का?

“हात नाई चालला.”

आमचे रविवारही मग बंद पडले. बाकी दोघीही यायच्या थांबल्या.

आता हाताने काढलेलं काहीही मी फीडरमध्ये टाकत नाही, मालक समोर उभे असले तरी. सोळा पानं काचेवर काढायला फार तर वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी सुरेशभाऊंना तेवढं सांगायला हवं होतं.