माऊसला परवानगी कोणी दिली?

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पितळ सोनं म्हणून विकणारे महाभागही पाहिले. ते सगळे गुन्हे मला समजले. एकच गुन्हा असा की आरोपी सापडला, त्याने कबुली दिली, दोषारोपपत्रही गेलं, तरी तो नेमका कसा घडला हे सांगताना माझी आजही तारांबळ उडते. म्हणूनच बहुधा ती घटना अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा गोरेगाव पूर्वेला एका पोलीस ठाण्यात गुन्हे विभागाचा निरीक्षक होतो. मालिकांचं एडिटिंग करणाऱ्या एका स्टुडिओचे मालक तक्रार घेऊन आले. त्यांच्या मालिकेचा शेवटचा भाग टीव्हीवर दिसायच्या आधीच लोकांच्या मोबाईलवर फिरत होता. तो भाग स्टुडिओतल्या एकाच कॉम्प्युटरवर होता. एडिटर त्यावर काम करायचे, पण त्यातून काही बाहेर नेता येऊ नये असा बंदोबस्त केलेला होता. पेन ड्राइव्ह लावला तरी चालायचा नाही. हा बंदोबस्त उठवायचा पासवर्ड फक्त स्टुडिओचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलाकडे होता.

गुन्हा दाखल करून आम्ही जबाब घ्यायला सुरुवात केली, तेवढ्यात ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, सगळ्यांना विचारत कशाला टाइम घालवताय? पासवर्ड एकाकडेच आहे ना? त्याला उचला, पटापट बोलेल."

मला ते पटलं. कुलूप शाबूत असेल तर आधी किल्लीवाल्याला विचारायचं, ही आमच्या खात्याची जुनी रीत.

मुलगा चौकशीला वडिलांबरोबर आला. वडील सिंधुदुर्गातले, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवू लागलेले. मी सांगूनही ते खुर्चीवर बसले नाहीत. हात जोडून एवढंच म्हणाले, "सायबानू, माझो झील असा करूचो नाय."

खरी पंचाईत वेगळीच होती. मुलगा आमच्याच हद्दीत राहायचा आणि त्याची सरकारी खात्यात निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचे कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडले होते. आम्ही चांगला अहवाल दिला की नेमणूक, अटक केली की नेमणूक गेली. त्याचं वयही मर्यादेला टेकलेलं, पुन्हा परीक्षा देता येणार नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, बापाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

"पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोणालाच नाही, साहेब."

"मग तूच काढलंस."

"नाही साहेब. कॉम्प्युटरमधल्या नोंदी मी पण बघितल्या. बंदोबस्त उठवलाय, पण माझा पासवर्ड वापरलेलाच नाही."

"मग उठवला कोणी?"

"तेच तर मला कळत नाही ना, साहेब."

खोटं बोलणारा माणूस घाबरला की दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवतो, हा माझा अनुभव. हा मुलगा कोणाचंच नाव घेत नव्हता. त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. सायबर कक्षाकडे विचारणा केली, तर त्यांचंही तेच. कुलूप तोडलेलं नाही, किल्ली फिरवलेली नाही, दार मात्र सताड उघडं. वरिष्ठ रोज विचारत होते, "अटक कधी करताय?" मी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतो.

अशात ठाण्यातल्या कॉम्प्युटरचा माऊस बंद पडला. मागणी पाठवली होती, पण नवा येण्याची चिन्हं नव्हती. आमच्या महिला शिपाई स्वभावाने तापट. त्यांनी वैतागून स्टेशनजवळच्या दुकानातून स्वतःच एक भपकेबाज, लाल दिव्याचा माऊस आणला. मी शेजारी बसून जबाब सांगत होतो. त्यांनी माऊस लावला आणि पडद्यावर आपोआप एक खिडकी उघडली. माऊसच्या कंपनीचा प्रोग्राम कोणाला न विचारता कॉम्प्युटरमध्ये शिरू लागला.

बाई भडकल्याच. "बघा ना साहेब! आपल्याला साधा मराठी फॉन्ट टाकायचा तर वरून माणूस येईपर्यंत थांबायचं. मग या माऊसला परवानगी कोणी दिली?"

मी हसलो. मग हसू विरलं. सरळ त्या मुलाला फोन लावून हा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "साहेब, आमचे एडिटर आपापला माऊस घरून आणतात. हात बसलेला असतो ना. मी कधी कोणाला अडवलं नाही."

सायबर कक्षाने प्रयोग करून पाहिला. मला समजलं ते असं. सोसायटीचा वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला नाव-गाव विचारतो, पण खांद्यावर सिलिंडर घेऊन आलेल्याला सरळ वर सोडतो. कॉम्प्युटरही माऊसला असाच सोडतो, वर त्याच्या प्रोग्रामला मालकाइतके अधिकार देतो. त्या प्रोग्राममध्ये एक चूक राहिली होती, आणि तिचा फायदा घेऊन समोर बसलेल्याला ते अधिकार स्वतःकडे घेता येत होते. यापुढचं मला तीनदा समजावलं गेलं आणि तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली.

भाग चोरीला गेला त्या दिवशी कुठला माऊस लावला होता, ते मात्र कॉम्प्युटरमधून निघालं. तो स्टुडिओतल्या सर्वांत जुन्या एडिटरचा होता. त्यांना बोलावून माऊस टेबलावर ठेवला. सवयीने त्यांचा हात त्यावर गेला, आणि चटका बसावा तसा मागे आला. मला विचारायला फारसं काही उरलं नाही.

मालिका सुरुवातीपासून त्यांनी एडिट केली होती आणि शेवटी टायटलमधून त्यांचंच नाव उडवलं होतं. ही पळवाट त्यांना पूर्वीच एकदा माऊस लावताना सहज सापडली होती. रागाच्या भरात ती वापरली. निनावी फोनही त्यांचाच. "भाग बाहेर काढला त्याचं मला काही वाटत नाही, साहेब," ते म्हणाले, "त्या फोनचं वाटतं. पोरगा मला काका म्हणतो हो." आणि हा पिकल्या केसांचा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडला.

मुलाचा पडताळणी अहवाल मी स्वतः उभं राहून पाठवायला लावला. 'आक्षेप नाही' या दोन शब्दांवर सही करताना इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. किल्ली कोणाकडे आहे एवढंच विचारून भागत नाही, न विचारता कोणाला आत सोडतो तेही बघावं लागतं, हे मी या केसमध्ये शिकलो. निवृत्तीला टेकलेल्या माणसाला ते एका माऊसने शिकवलं.

नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर मुलगा पेढे घेऊन आला. या वेळी वडील खुर्चीवर बसले, चहाही घेतला. आमचा कॉम्प्युटर नेमका अडला होता. बाई म्हणाल्या, "आलाच आहेस तर जरा बघ ना रे, काय झालंय ते."

तो हसत उठला, टेबलापर्यंत गेला. माऊसकडे हात नेला आणि मध्येच थांबला. दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाला, "नको मॅडम. उद्या काही झालं तर पहिलं नाव माझंच येईल."

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.